घरात आलेली मुलगी

मी गप्प बसू शकते यावर आमच्या वर्गात एकाचाही विश्वास नव्हता. आणि गंमत म्हणजे, मी बोलू शकते यावर त्याआधी कुणाचा विश्वास नव्हता.

शाळा शाळेत भरायची तेव्हा मी भिंतीकडच्या बाकावर अशी अंग चोरून बसायचे की हजेरी घेताना बाई मान वर करून शोधायच्या. उत्तर मला यायचं. पण ते घशापर्यंत यायचं आणि तिथेच बसकण मारायचं. मग लॉकडाऊन लागला, शाळा मोबाइलमध्ये शिरली आणि कॅमेरा बंद ठेवूनही बोलता येतं, असा मला शोध लागला. कुणी बघत नाही म्हटल्यावर माझी जीभ जी सुटली ती सुटलीच! आधी एखादं उत्तर, मग शंका, मग उपशंका. बाई म्हणायला लागल्या, "बाई गं, आता दुसऱ्या कुणाला संधी देशील का?" पुढे पुढे कॅमेरा सुरू असला तरी मला काही वाटेनासं झालं. माझी मैत्रीण टिंगी (उंचीने एवढीशी आहे म्हणून टिंगी) म्हणाली, "तुला कुणी चावी दिली गं?"

चावी आजोबांनी दिली होती.

आजोबा म्हणजे आईचे वडील. ते आमच्याकडेच राहतात. पप्पा ट्रक चालवतात. त्या दिवसांत ते हॉस्पिटलांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवत गावोगाव फिरत होते, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर. जग बंद झालं तरी तिचं दुकान बंद होत नव्हतं. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. दोन खोल्या, एक बाल्कनी, मी आणि आजोबा. कुणीतरी बोलायला हवंच होतं.

आजोबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा फोन आपोआप लागत नसत. कानाला हेडफोन लावून आजोबा भोकाभोकांच्या एका मोठ्या बोर्डासमोर बसायचे आणि याची वायर त्याच्या भोकात खुपसून माणसं जोडायचे. पलीकडून कुणी नुसतं "हॅलो" म्हटलं की हे म्हणायचे, "बोला डॉक्टर, दवाखान्यात देऊ की घरी?" आख्ख्या गावाचे आवाज त्यांना पाठ. चेहरे मात्र ठाऊक नाहीत. "तोच डॉक्टर रस्त्यात समोरून आला तर मी ओळखायचो नाही," ते सांगायचे. "पण खोकला की नमस्कार करायचो!"

त्यांनीच मला रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायला लावला. "तोंड उघड. ऑपरेटरनं तोंड मिटलं की गाव मुकं होतं," असं म्हणायचे. मी वाचायचे, मग वाचलेल्यावर बोलायचे, मग न वाचलेल्यावरही बोलायचे. आजोबांनी माझं नाव रेडिओ ठेवलं. ते टिंगीने वर्गात फोडलं आणि मी जगाची रेडिओ झाले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू!

तर आमच्या शाळेच्या मागे एक इमारत अर्धवट बांधून पडली होती. काम थांबलं, गाड्या थांबल्या आणि ती बांधणारी माणसं बायकापोरांसकट तिथेच, भिंती नसलेल्या मजल्यांवर अडकून पडली. शाळेच्या स्वयंपाकघरात आमच्यापैकी काहींचे आईवडील त्यांच्यासाठी रोज दुपारी जेवण करायचे. टिंगीचे बाबा तिथे तोंडाला रुमाल बांधून कांदे चिरायचे. पण धान्य संपत आलं. बाई वर्गात म्हणाल्या, "आपल्याला काही करता येईल?"

चित्रं विकू, कुणी म्हणालं. गाणी म्हणू. चित्रं आमच्याच आयांनी विकत घेतली, गाणी आमच्याच आत्यांनी ऐकली. मग टिंगीच्या काकांनी तोंड घातलं. त्यांचं सिमेंट-सळयांचं दुकान आहे आणि टिंगीच्या तासाला ते मागून येरझाऱ्या घालत असतात. ते म्हणाले, "तुमचा वर्ग कानठळ्या बसवतो. एक दिवस गप्प बसून दाखवा, पुढच्या सगळ्या महिन्याचं धान्य माझ्याकडून. मात्र सगळ्यांनी! एकानं जरी तोंड उघडलं तरी दाणा मिळणार नाही. आणि ती तुमची रेडिओसुद्धा त्यात हवी."

वर्ग असा हसला की काय सांगू. "गेलं धान्य!" एकजण म्हणाला. मी कॅमेऱ्याच्या इतकी जवळ गेले की माझं नुसतं नाकच दिसत असणार आणि म्हणाले, "लागली पैज."

नियम असा ठरला, की सकाळी शाळेच्या वेळेपासून दिवे लागेपर्यंत प्रत्येकाने मोबाइल घरात समोर उभा करून ठेवायचा, कॅमेरा आणि माइक दोन्ही सुरू. म्हणजे चोरी नाही. बाई अधूनमधून डोकावणार, काकाही.

त्या दिवशी सकाळी आई पायात चप्पल सरकवताना आजोबांना म्हणाली, "बाबा, येते हं मी. आज ही बोलणार नाहीये. शाळेचं काम आहे. तिला त्रास देऊ नका."

"त्रास? मी तिला बोलायला लावूनच दाखवतो," आजोबा म्हणाले. "रेडिओ बंद पडला तर मी घरात काय ऐकू? तुझी बडबड?"

"बघाच तुम्ही!" मी म्हणाले. "तुम्ही उलटे लटकलात तरी बोलणार नाही."

ते माझं शेवटचं वाक्य. शाळेची वेळ झाली आणि मी तोंडाला कुलूप घातलं. मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवला. पडद्यावर सगळा वर्ग चौकोनाचौकोनांत बसलेला, गाल फुगवून. कुणाच्या घरी मिक्सर फिरत होता, कुणाचं बाळ रडत होतं. आम्ही सोडून आमच्या घरांतलं सगळं बोलत होतं.

आजोबा आंघोळ करून, थोडे आडवे होऊन बाहेर आले तेव्हा मी टेबलाशी बसून गणितं सोडवत होते. ते दारात थांबले. माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला.

"कोण?" ते म्हणाले.

झाली सुरुवात! मी ओठ घट्ट दाबले. पडद्यावर टिंगीने डोळे मिचकावले.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

तुम्हाला! आजोबांनी काय सोंग काढलं होतं, वा! मी वहीत तोंड खुपसून हसायला लागले. पडद्यावर तर सगळ्यांचे खांदे गदगदत होते, एकजण तोंडावर उशी धरून मागे कलंडला.

आजोबा पुढे आले, समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "आमची रेडिओ आत आहे वाटतं. तिची मैत्रीण का तुम्ही?" मी मान डोलावली. चला, तुमचंही नाटक आणि आमचंही. "बसा, बसा. हाक मारतो तिला." आणि ते आत जाऊन हाका मारायला लागले. "रेडिओ! अगं, कोण आलंय बघ!" आतल्या खोलीतून बाल्कनी. बाल्कनीतून मोरी. मोरीचं दार वाजवलं. "आत आहेस का?" परत बाहेर आले. कपाळावर घाम होता.

"मगाशी इथेच होती," ते मला म्हणाले. "तुम्ही आलात तेव्हा दार कुणी उघडलं?"

मी अजून हसतच होते. पण ते हसणं तोंडावर राहिलं आणि आतून निघून गेलं. आजोबा थट्टा करतात तेव्हा त्यांचा डावा डोळा बारीक होतो. तो बारीक झाला नव्हता. मी उठले, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मी. मी आहे.

आजोबा एक पाऊल मागे सरकले. अनोळखी माणूस फार जवळ आल्यावर सभ्य माणूस सरकतो ना, तसे.

मी पेपर ओढला, समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी रेडिओ.' त्यांनी चष्मा लावून वाचलं. "रेडिओ. हो ना. तिलाच शोधतोय मी. तिनं पाठवलं का तुम्हाला? कुठे आहे ती?"

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे आता कुणी हसत नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण माझ्यासमोर ती उघडी इमारत होती, तिथली पोरं हातात ताटल्या घेऊन रांगेत उभी राहायची तीही होती आणि काकांचं "दाणा मिळणार नाही" कानात होतं. मला वाटलं, दोन मिनिटं. त्यांना खुर्चीत बसवते, पाणी देते, दोन मिनिटांत त्यांना कळेल. मी कोण आहे हे न कळायला काय झालं! माझ्या जन्मापासून मला बघतायत. मी पाणी आणायला वळले.

मागे दाराची कडी वाजली.

आजोबा बाहेर पडले होते. तोंडाला काही नाही, पायात घरातल्या सपाता, तसेच जिना उतरायला लागलेले. "रेडिओ!" त्यांची हाक जिन्यात घुमत होती. "खाली गेलीस का? बाहेर जायचं नाहीये गं! पोलीस धरतील!" शेजारच्यांचं दार किंचित उघडलं आणि मिटलं. तेव्हा सगळेच सगळ्यांना घाबरत होते.

मी धावले. वळणावर त्यांचं कोपर धरलं. त्यांनी झटकलं. "सोडा मला. माझी नात खाली गेलीय." मी परत धरलं, त्यांनी परत ओढून घेतलं आणि त्या ओढाओढीत त्यांचा पाय पायरीवर न पडता हवेत पडला.

"आजोबा! थांबा!"

इतक्या मोठ्याने ओरडले की खालचा वॉचमन फाटक सोडून आत धावला. आजोबांच्या हाताला कठडा लागला. ते सावरले. आणि त्यांचं अख्खं अंग सैल पडलं, ताणलेली दोरी सुटावी तसं.

"अगं, होतीस कुठे तू?"

"इथेच होते, आजोबा."

"इथेच कुठे? घर पालथं घातलं मी." ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते वरच्या जिन्याकडे. मी तिथून येतेय असं त्यांना वाटलं असावं. मग खाली वाकून कुजबुजत म्हणाले, "घरात कुणाची तरी मुलगी आलीय."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"कुणाची कोण जाणे. बोलत नाही बिचारी. मुकी असावी. काहीही विचारलं की हसते. तिच्यावर ओरडू नकोस हं. काही खायला दे. तिची माणसं कुठे अडकली असतील."

"देते," मी म्हणाले.

"देशील ना?"

"देते, आजोबा. चला वर. हळू. इथे पायरी तुटकी आहे. आज ऊन किती आहे बघा. चला, मी पेपर वाचते. सकाळपासून वाचलाच नाही." मी बोलत राहिले. थांबले की त्यांच्या हाताची पकड घट्ट व्हायची, बोलले की सुटायची. मला बोलायला किती आवडतं हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. त्या जिन्यात मला पहिल्यांदा बोलण्याची दमणूक झाली.

घरात आलो तर मोबाइलमधून नुसता कलकलाट. सगळेच्या सगळे बोलत होते. माझी किंकाळी माइकने त्यांच्या घरोघरी नेऊन पोचवली होती. "सापडले का?", "वॉचमनला फोन करा कुणीतरी!", "तिच्या आईचं दुकान कुठलं?" टिंगी तर रडत रडत माझ्या नावाने हाका मारत होती. माझ्या खऱ्या नावाने. मी पडद्यासमोर आले तसे सगळे एकदम गप्प झाले.

"आजोबा घरात आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"आहेत."

"मग बंद कर तो फोन. त्यांच्याजवळ बस."

टिंगीच्या काकांनी शब्द पाळला, म्हणजे दाणासुद्धा दिला नाही. पैज ती पैज, म्हणाले. टिंगी त्यांच्याशी बोलायची थांबली. मग वर्गातल्या घराघरांतून डबा, वाटी, मूठ असं जमेल तसं धान्य शाळेच्या फाटकाशी जाऊन पडलं. आईनेही आमच्या डब्यातलं काढून दिलं. पण सगळा महिना काही ते पुरलं नाही. शेवटी शेवटी त्या माणसांना एक दिवसाआड जेवण मिळायचं. हे मी लपवणार नाही.

त्या दुपारी आजोबा झोपले आणि मी त्यांच्याजवळ बसून आमच्या घराचा विचार करत राहिले. आई दारातूनच ओरडते, "बाबा, मी आले." पप्पा फोनवर असतात. मी सकाळी दात घासतानाच तोंडात फेस असताना बोलायला लागते. आमच्या घरात कुणी कधी न बोलता आजोबांसमोर गेलंच नव्हतं. ते किती दिवस आम्हाला नुसते कानांनी ओळखत होते? माझ्या बडबडीत ते कुणाला दिसलंच नसेल. मलाही नाही.

संध्याकाळी आई आली तेव्हा मी दाराबाहेरच उभी होते. ती मास्क काढून पायपुसण्याशी चपला काढत होती, तिथेच मी तिला सगळं सांगितलं.

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "थट्टा केली असेल. सकाळी पैज लावली नव्हती का त्यांनी?"

"आई, त्यांनी मला अहो-जाहो केलं."

"करतात गं ते." पण तिने दारातून हाक मारली नाही. रोजची हाक. ती पाय न वाजवता मोरीत गेली, कपडे बादलीत टाकले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन आजोबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. तोंडावर मास्क नाही, दिवा लावलेला, हातभर अंतर. काही बोलली नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ओळखा. आजोबा, मला राहू द्या, हिला ओळखा.

आजोबांनी वर पाहिलं. शर्टाचं वरचं बटण लावलं. पसरलेले पाय आत घेतले.

"या," ते म्हणाले. "बसा ना."

आईचा हात ओढणीवर घट्ट झाला. मी "आजोबा" म्हणायला तोंड उघडलं तर तिने माझ्याकडे न बघताच मान हलवली. नको. आणि ती समोरच्या खुर्चीत बसली.

"माझी मुलगी येईलच एवढ्यात," आजोबा म्हणाले. "औषधांच्या दुकानात असते. तुम्हाला औषध हवं असेल ना? हल्ली लोक घरापर्यंत येतात. ती कुणाला परत नाही पाठवत."

आई बसून होती.

"थकते फार. सांगत नाही, पण आवाजात कळतं. लहान होती तेव्हा एक्स्चेंजमध्ये फोन करायची. शेजाऱ्यांच्या घरून, चोरून. नंबर मागायची नाही, काही नाही, नुसतं 'बाबा' म्हणायची आणि ठेवून द्यायची. साहेब रागवायचे. मी म्हणायचो, राँग नंबर होता साहेब."

मला राहवलं नाही. "आजोबा," मी दारातून विचारलं, "दिसायला कशी आहे तुमची मुलगी?"

"म्हणजे? चांगली आहे की!" ते हसले. मग हसणं थांबलं. ते विचार करायला लागले. आधी छताकडे बघितलं, मग हातांकडे, मग समोर बसलेल्या बाईंकडे. जणू त्यांच्याकडून काही मदत मिळेल. "तिचा आवाज..." ते म्हणाले आणि थांबले. "तिचा आवाज फार स्वच्छ आहे."

आई उठली. मला वाटलं ती त्यांच्या गळ्यात पडेल. पण ती सरळ दाराकडे गेली, दार उघडलं, बाहेर गेली. थोडा वेळ ती बाहेरच होती. जिन्यात तिचं नाक ओढणं मला ऐकू आलं. मग दार परत वाजलं.

"बाबा, मी आले."

"आलीस!" आजोबांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. "आवाज बसलाय का गं तुझा? पाणी पी आधी गरम. ऐक, आत्ता इथे एक बाई बसल्या होत्या. तुला भेटायला. कुठे गेल्या?"

"गेल्या, बाबा."

"अशा कशा गेल्या? मी आपलं बोलतच बसलो. चहा विचारायचा राहिला."

आई त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. "येतील परत," ती म्हणाली. "तेव्हा विचारा."